सिस्टरबाईंचा पाला

सिस्टरबाई पाला खातात, ही बातमी मला गावात पाऊल ठेवल्याच्या तासाभरातच कळली. एस.टी.तून उतरलो, ट्रंक खांद्यावर घेतली आणि भाड्याची खोली कुठं मिळेल म्हणून पारावर विचारलं. तिथल्या एकानं सांगितलं, "दवाखान्याच्या समोर एक रिकामी हाये गुरुजी. पर सिस्टरबाईच्या दारासमोर पडती बरं का. ती बाई सांजच्याला शेळीवानी पाला चरती." बाकीचे हसले. नवा मास्तर आला की त्याला बिचकवायला प्रत्येक गावाकडं काहीतरी असतंच. कुठं पिंपळावरची हडळ असते, कुठं मारका हेला असतो. या गावाकडं पाला खाणारी नर्स होती. मी खोली घेतली.

गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, धावड्याच्या बाजूला. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे औरंगाबादेतच मोडत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. खडी फोडायला गेलेले हात पुन्हा औताला लागले होते, तरी लोक भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावून खात. अशा गावात भाकरी परवडत असताना मुद्दाम कच्चा पाला खाणारी बाई म्हणजे चेष्टेला आयतं गिऱ्हाईक. पण चेष्टा पाठीमागं. समोर आल्या की सगळे "बाई, बाई" करत उठून उभे राहायचे, कारण त्या गावातली निम्मी लेकरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली होती.

नाव सुलोचना. ते फक्त पगारपत्रकावर होतं. अंगानं सडसडीत, वर्ण काळासावळा, मनगटावर पुरुषी घड्याळ. पांढरं पातळ इतकं कडक इस्त्रीचं की चालताना आवाज यायचा. जालन्याकडच्या. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा त्या ऐन विशीत होत्या. लग्न झालं होतं आणि राहिलं नव्हतं. त्याबद्दल मी एकदाच चाचरत विचारलं, तर म्हणाल्या, "ते झालं," आणि थर्मामीटर झटकायला लागल्या. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खाली पलंग, एक चूल, एक पाटा-वरवंटा, आणि पांढरी, निळ्या काठाची एक मोठी थाळी. एवढाच संसार.

बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मिश्कील. "बिलकुल" हा त्यांचा लाडका शब्द. पोटुशी बाई दुपारची उन्हात दिसली की रस्त्यातच, "तू बिलकुल घरी जा." पाटलाच्या रक्तदाबाला, "मीठ बिलकुल बंद." आणि पाटीलसुद्धा मान खाली घालून ऐकायचे. एवढा दरारा. पण हेच पाटील दवाखान्यात आले आणि बाईंनी "पाणी घेता का?" विचारलं की लगबगीनं म्हणायचे, "नको नको, आत्ताच पिऊन निघालो." तलाठी तसाच. सोसायटीचा सेक्रेटरी तसाच. भर वैशाखात मैलभर तंगडतोड करून आलेला माणूसही बाईंच्या उंबऱ्याशी आत्ताच पाणी पिऊन निघालेला असायचा. बाई मला एकदा म्हणाल्या, "गुरुजी, किती वर्षं झाली मी या गावात हाये. पण इथं कुणाला तहानच लागत न्हाई बघा." म्हणाल्या आणि हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांच्याकडं खायचो. त्यात माझा काही मोठेपणा नाही. औरंगाबादेच्या वसतिगृहात दहा जातींच्या पोरांबरोबर एका ताटात जेवलेला माणूस मी, मला कसलं आलंय सोवळं. बाईही माझं खाणं जमेत धरत नसत. "तुम्ही काय, होस्टेलात वाढलेले. तुम्हाला मीठ लावून धोंडा दिला तरी खाल."

पहिल्यांदा त्यांनी मला तो पाला खायला घातला तेव्हा मला ताप येऊन गेला होता आणि तोंडाला चव नव्हती. दाराशी बसवलं आणि म्हणाल्या, "बघत ऱ्हावा. भाजीवाली पैसे मोजीस्तोर माझं जेवण तयार होतं."

आणि खरंच, बघण्यासारखं होतं ते. थंडीचे दिवस. त्यांच्याकडं हरभऱ्याचे कोवळे शेंडे होते, मेथी होती, करडईची काटे न फुटलेली पानं होती, कांद्याची पात होती. सगळा पाला त्यांनी घमेल्यातल्या गुलाबी पाण्यात बुडवला. विहिरीत टाकायची लाल दवा असते ना, तिचे दोन खडे त्या पाण्यात. नर्सच ती, कच्चं पान तसंच तोंडात घालणं शक्य नव्हतं. मग चांगल्या पाण्यातून काढलं, एका पंच्यात बांधलं आणि अंगणात जाऊन तो पंचा गोफणीसारखा डोक्यावर गरगर फिरवला. पाण्याचे शिंतोडे माझ्या अंगावर, गल्लीतल्या कोंबड्यांच्या अंगावर. पोरं ओरडली, "बाईनं गोफण काढली!" बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. "पाला ओला ऱ्हायला की तेल धरत न्हाई, गुरुजी. सगळं तेल खाली बसतं अन् आपण नुसतं पाणी चावीत बसतो."

त्या पानं विळीवर चिरत नसत, हातानं तोडत. त्यावर पेरूच्या फोडी, मोसंबीच्या सालं काढलेल्या पाकळ्या. वाटीत करडईचं तेल, लिंबू, मीठ, कुटलेले मिरे, सगळं बोटानं फेटून पाल्यावर. हरभऱ्याच्या पाल्याला अंगचीच आंब असते, म्हणून त्या दिवशी लिंबू निम्मंच. आणि शेवटी खिळ्याला टांगलेल्या फडक्यातून एक पांढरा गोळा काढला, बोटांनी कुस्करून वर पसरला. ते शेळीच्या दुधाचं चीज. आदल्या दिवशी दूध तापवायचं, लिंबू पिळून फाडायचं, फडक्यात बांधून टांगायचं, मग वरवंट्याखाली दाबून ठेवायचं. एवढीच काय ती आधीची तयारी.

आंबट, तुरट, गोड, खारट, सगळं एकदम तोंडात आलं. तापानं मेलेली जीभ उठून बसली. मी थाळी चाटूनपुसून खाल्ली. बाई माझ्याकडं अशा बघत होत्या जणू त्यांचंच पोट भरत होतं.

"पण बाई," मी म्हणालो, "भाकरी, वरण, असं काही संध्याकाळी का करत नाही?"

"सकाळी करती की. संध्याकाळी चूल पेटवायची तर कुणासाठी तरी पेटवावी. एकटीसाठी पेटवली की ती जाळ होऊन माझ्याकडंच बघत बसती."

हे असं काहीतरी त्या मधूनच बोलायच्या आणि लगेच दुसऱ्या विषयाला लागायच्या. ऐकणाऱ्याला मात्र रात्रभर पुरायचं.

हा पाला त्या शिकल्या जालन्याला. मिशनच्या एका दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण घेत होत्या तेव्हा. तिथं एक गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, म्हाताऱ्या, एकट्या. दिवसभर ऑपरेशनं करून संध्याकाळी बंगल्यावर हेच करून खायच्या, कारण दुसरं काही करण्याचं त्राण उरत नसे. एका संध्याकाळी त्यांनी या पोरीला बोलावलं. बाईंना वाटलं काही चुकलं असणार. गेल्या तर टेबलावर एक मोठं काचेचं भांडं, त्यात पाला, फळं, चीज, आणि दोन खुर्च्या.

"मधी एकच भांडं, गुरुजी. ती घ्यायची, मी घ्यायची. तिचा चमचा अन् माझा चमचा एकमेकाला लागायचा. शाळेत वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिलेली पोरगी मी. मला असं रडू फुटलं की विचारू नका. तिला वाटलं, कांदा लागला डोळ्याला. ती बिचारी उठून कांदा वेचून बाहेर काढायला लागली."

हे सांगताना त्या खूप हसल्या. पण मला तेव्हा कळलं की बाई रोज संध्याकाळी जे करत होत्या ते नुसतं झटपट जेवण नव्हतं. त्या थाळीत पाला नेहमी दोघांचा असायचा. एकटीला कितीसा लागतो? तरी दोघांचाच तोडायच्या. तेल-मीठ लावण्याआधी अर्धा बाजूला काढून ठेवायच्या आणि सकाळी तो ठकूमायच्या शेळ्या खायच्या.

ठकूमाय शेजारची. धनगराच्या घरची म्हातारी, नवरा गेलेला, मेंढरं दुष्काळात गेलेली, उरलेल्या पाच-सात शेळ्या आणि एक तिखट सून. बोलायला लागली की गाडी घाटात सुटावी तशी, ब्रेक नाही. रोज दिवस कलला की ती बाईंकडं दूध घेऊन यायची. दूध घालायची पद्धत अशी, बाईंनी पातेलं खाली ठेवायचं, मागं सरायचं, आणि ठकूमायनं वरून धार सोडायची. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. धार मात्र अशी नेमकी की थेंब बाहेर नाही. मग ती बाहेरच्या पायरीवर बसायची, बाई आतल्या बाजूला उंबऱ्याशी, आणि दिवेलागणीपर्यंत दोघींच्या गप्पा. सुनेच्या कागाळ्या, शेळ्यांचे आजार, कुणाला दिवस गेले, कुणाला गेले नाहीत. ठकूमायच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं होतं, पायाळू होतं मूल. बाईंनी दोघांनाही वाचवलं. त्या दिवसापासून ठकूमाय बाईंना "माझी लेक" म्हणायची. पण लेकीच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही.

तिच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "मला काई न्हाई गं बाई. पर सोयऱ्याधायऱ्यात बसा-उठावं लागतं. सून तर टपूनच बसून राह्यली." बाई म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणाली, माय?" आणि विषय बदलला. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं मी पाहिलं. पाटील न प्यायल्याचं त्यांना हसू यायचं. ठकूमाय न प्यायल्याचं हसू येत नव्हतं. पुऱ्या गावात त्यांना एकच माणूस आपल्या ताटाशी हवं होतं, आणि ते पायरीवर बसून उठून जात होतं.

मग एका हिवाळ्यात बाईंनी बेत रचला. मला बोलावून सांगितला, डोळे असे चमकत होते की जणू लग्नच ठरलंय.

"गुरुजी, चुलीवरचं चालत न्हाई ना तिला? पाण्यातलं चालत न्हाई ना? मंग माझ्या पाल्यात कुठं हाये चूल अन् कुठं हाये पाणी? धुवायचं तेवढं पाणी लागतं, ते तिच्या घागरीतलं घेऊ. तिच्याच हातानं धुवायला लावू. पाला तिच्या वावरातला. पेरू तिच्या दारचा. माझं त्यात काय? मीठ."

"आणि हात," मी म्हणालो.

"हां. अन् हात." आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "तेवढा तर पायजेच ना, गुरुजी. त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय."

ठकूमायला त्यांनी रीतसर विचारलं. म्हातारीनं बराच विचार केला, तंबाखूची चिमूट मळून मळून तिचा भुगा केला, आणि म्हणाली, "कच्चंच हाये म्हणती ना? मंग काय. बोरं खातो, पेरू खातो, ते काय कुणी बाटवितंय? येती मी. पर उजेडी येती, अन् सून बाजारला गेली म्हंजी येती."

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी उन्हं असतानाच ती आली. मी समोर माझ्या दारात पोरांच्या वह्या घेऊन बसलो होतो, आणि एकही वही तपासत नव्हतो. ठकूमायनं आपल्या घागरीतल्या पाण्यात आपल्या हातानं पाला धुतला. लाल दवा मात्र बाईंनी टाकलीच. म्हातारीनं ते गुलाबी पाणी बघून "अगं बया, कुंकू टाकलं का काय?" म्हणून विचारलं आणि दोघी हसल्या. बाईंनी पंचा फिरवला. ठकूमाय म्हणाली, "आण इकडं, मी फिरविती," आणि त्या म्हातारीनं असा फिरवला की पंच्याच्या गाठीतून मेथी सुटून छपरावर गेली. मी त्या गल्लीत इतकी वर्षं राहिलो, पण त्या दोघींना तसं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग थाळी मध्ये आली. ठकूमाय चक्क उंबऱ्याच्या आत बसली. बाईंनी पाला घातला, पेरू घातला, मोसंबी घातली, तेल, मीठ. आणि आत जाऊन, पाहुणीसाठी म्हणून राखून ठेवलेलं, फडक्यातलं सगळंच्या सगळं चीज आणून वर कुस्करलं. कंजुषी नको, असं वाटलं असणार. ठकूमायनं पेरूची एक फोड उचलली. हात तोंडाजवळ गेला होता. फोडीला चिकटलेला पांढरा कण बघून तिनं विचारलं, "हे काय गं पांढरं?"

"तुझ्याच शेळीचं, माय! दुसरं कुणाचं?" बाई केवढ्या आनंदात होत्या. "तू घालती ना दूध, त्याला फाडायचं. लिंबू पिळलं की फाटतं. मंग बांधून ठिवायचं. रोजचं करती मी."

ठकूमायचा हात खाली आला.

"दूध फाडती? मुद्दाम?"

"हां, मंग त्याचं हे..."

"करडाच्या तोंडचं काढून तुला घालती मी, बाई. चहाला लागतंय म्हणून. अन् तू त्याला नासविती?"

"नासवीत न्हाई, माय. खाती की मी ते."

"तेच ते झालं. जित्या जनावराचं दूध हाये ते. मुद्दाम फाडलं की कास आटती, सडातून रगत येतं. माझ्या सासूनं आपोआप नासलेलं दूध सुदीक कधी उकिरड्यावर टाकलं न्हाई. वाहत्या पाण्यात नेऊन सोडायची, हात जोडायची." तिचा आवाज चढला नव्हता. ती घाबरली होती. दुष्काळात डोळ्यांदेखत मेंढरं मेलेली बाई ती, उरलेल्या पाच-सात कासांसाठी तिचा जीव तुटणारच. तिनं पेरूची फोड उंबऱ्यावर ठेवली, हात पदराला पुसला आणि उठली. "येती मी," म्हणाली. जाताना तिनं मागं वळून बाईंकडं पाहिलं, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण तिकडून बाजारची माणसं परतताना दिसली आणि ती गेली.

बाई थाळीसमोर तशाच बसून राहिल्या. मी उठून गेलो. म्हणालो, "त्यांच्यात असतं बाई असं. धनगरांचं दुधाचं फार कडक असतं. तुम्हाला काय ठाऊक."

"मला खरंच ठाऊक न्हवतं, गुरुजी. आमच्या घरी कधी शेळीच न्हवती." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कारण दूधच होतं का पण? का दुधाचं निमित्त सापडलं म्हणून सुटली ती?"

त्या दिवशी थाळी कुणीच खाल्ली नाही.

मला वाटलं, आता दूध बंद. पण दुसऱ्या दिवशी ठकूमाय आली, नेहमीसारखी धार सोडली, पायरीवर बसली. बाईंनी बोट बुडवून चाखलं तर दूध गोड. म्हातारीनं आधीच साखर घालून आणलं होतं. "चहाला सोपं पडतं," एवढंच म्हणाली. गोड दुधाचं कसलं आलंय चीज? साखर तेव्हा रेशनवर मिळायची, तीही मिळाली तर. सुनेपासून लपवून ती रोज चमचाभर साखर त्या दुधात घालत होती. ती माया होती की बंदोबस्त होता, मला सांगता येणार नाही. मला वाटतं, दोन्ही.

गावात दूध देणारी दुसरी घरं होती. मी बाईंना सुचवलंही. "न्हाई गुरुजी, बिलकुल न्हाई. तिला वाटतं ना कास आटती, मंग कुणाचीच नको." त्या दिवसापासून त्यांच्या पाल्यावरचं चीज गेलं. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे टाकायच्या. "बराबर लागत न्हाई," म्हणायच्या, आणि खायच्या. दोघींच्या गप्पा पूर्वीसारख्याच चालायच्या, फक्त खाण्यापिण्याचा विषय निघाला की दोघीही शेळ्यांकडं बघायला लागायच्या. ताटापायी इतक्या जवळच्या दोन बायकांमध्ये कायमची एक फट पडली, आणि ती बुजवायचं धाडस दोघींपैकी एकीलाही झालं नाही. मला त्या दोघींचा राग यायचा, आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो गावाचा.

पुढं बाईंची बदली झाली. तीर्थपुरीला. निघायच्या दिवशी सगळं गाव एस.टी.पर्यंत लोटलं. पाटलांनी नारळ दिला, सरपंचांनी टोपी-उपरण्याच्या ऐवजी खण दिला, बायका पदर डोळ्याला लावत होत्या. ठकूमाय सगळ्यांत मागं होती. गाडी सुटायची वेळ झाली तशी गर्दीतून पुढं घुसली आणि एका धडुत्यात बांधलेली भाकरी-चटणी बाईंच्या हातात दिली. "वाटंला खा. लांबचा पल्ला हाये."

आपल्या घरचं दुसऱ्याला द्यायला कुणाचीच कधी आडकाठी नसते. घेण्याचीच असते. बाईंनी गाठोडं हातात घेतलं, क्षणभर बघितलं, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, गाठ सोडली. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी. त्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक स्वतःकडं ठेवला आणि दुसरा ठकूमायसमोर धरला.

"घे माय. तुझ्याच घरची हाये. तुझ्याच हातची. दूध न्हाई हिच्यात, काई न्हाई."

सून बाजूलाच उभी होती. पाटील उगाच आभाळाकडं बघायला लागले. ठकूमायनं हात पुढं केला आणि तो तुकडा घेतला. घेतला, पण हातात धरून नुसती उभी राहिली. बाई वाट बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या अर्ध्यातला घास मोडून तोंडात घातला, चावत राहिल्या, म्हातारीच्या हाताकडं बघत राहिल्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कंडक्टर ओरडला, "बाई, जल्दी करा!" बाई चढल्या. खिडकीतून त्यांची मान मागं वळलेली मला दिसली, गाडी पिंपळगावच्या वळणाला लागेपर्यंत. ठकूमायचा हात तसाच होता.

गाडी दिसेनाशी झाली, धूळ बसली, लोक पांगले. सून पुढं निघून गेली. मी हातगाडीवाल्याशी बोलत थांबलो होतो म्हणून मला दिसलं. ठकूमायनं तो तुकडा खाल्ला. उभ्यानंच, कोरडा, चटणीशिवाय, पाण्याशिवाय. दात नव्हते तिला फारसे, वेळ लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती. पार शेवटचा कण तळहातावरून उचलून तोंडात टाकला, आणि मग मागोमाग आलेल्या धाकट्या करडाला हाक मारत घरी गेली.

माझं मूळ गाव अंबडकडचं. पुढच्या सुट्टीत घरी जाताना मी मुद्दाम तीर्थपुरीला उतरलो. बाई भेटल्या. थोड्या वाळल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "बसा, पाला करती," आणि पंचा फिरवायला अंगणात गेल्या. इथं हसायला पोरं नव्हती. त्यांची खोली गावाच्या अगदी टोकाला होती. थाळीत शेपू होती, मुळ्याचा कोवळा पाला होता, मोसंबी होती. वर शेंगदाणे. इथंही चीज नव्हतं. मी त्यांना ठकूमायचं सांगितलं.

त्यांचा हात मोसंबीवरच थांबला. चेहरा असा उजळला की मी स्वतःवरच खूश झालो.

"खाल्ली?"

"खाल्ली."

"सगळी?"

"शेवटचा कणसुद्धा."

"देवा," त्या म्हणाल्या. देवाचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. "पुन्हा सांगा. कशी उभी होती?" मी पुन्हा सांगितलं. कुठं उभी होती, कोणत्या हातात तुकडा होता, रडत होती ते. त्यांनी आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला दिसलं की तो उजेड हळूहळू उतरत चाललाय. मोसंबीची पाकळी बोटांत दाबली जाऊन रस मनगटावर ओघळत होता.

"गाडी गेल्यावर खाल्ली म्हणता."

"हो."

"किती वेळानं?"

"लोक पांगल्यावर."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग अगदी हळू, तक्रार केल्यासारखं नव्हे, लहान पोरीनं विचारावं तसं म्हणाल्या, "मंग मी होती तेव्हा एक घास तरी घ्यायचा ना, गुरुजी. मला दिसला असता."

त्यांनी थाळी माझ्याकडं सरकवली. "खा. तेल सुटतंय." मी खाल्लं. त्यांनी खाल्लं नाही.

निघताना त्या पायरीपर्यंत आल्या. मी चप्पल घातली, पिशवी उचलली. गल्लीच्या तोंडाशी गेलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. मी वळलो.

"गुरुजी, मला सांगितलं म्हणून तिला सांगू नका बरं का. लाजंल ती."

"नाही सांगत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. दार लोटून घेतल्याचा आवाज आला.